पिट्सबर्ग पायरेट्सची जुनी कार्डं आणि आडवाटेच्या वस्तू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आणि तिथे पायरेट्स या पिट्सबर्गच्या व्यावसायिक बेसबॉल संघाच्या प्रेमात पडलेल्या, त्याच्या खेळाडूंची छापील चित्रकार्डं जमवणाऱ्या मराठी वाचकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अलीकडे भारतातूनही बरेच येतात. आमचा भर एकाच गोष्टीवर आहे: वस्तू मुळात कुठे छापली गेली आणि लोकांच्या हाती कशी पोचली, हे आधी समजून घ्या. खरं-खोटं, दुर्मीळ-मुबलक, महाग-स्वस्त हे सगळं त्यावरून उलगडतं.

१. एकाच संघाचा संग्रह करायचा तर सुरुवात कुठून करू?

एका वर्षाच्या टॉप्स कंपनीच्या संचातली फक्त पायरेट्सची कार्डं गोळा करा. याला ‘टीम सेट’ म्हणतात. बहुतेक वर्षी त्यात पंचवीस-तीस कार्डं असतात. पहिला संच म्हणून १९७९ किंवा १९८० चा उत्तम. १९७९ मध्ये संघ वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची वार्षिक अजिंक्यपद मालिका) जिंकला, विली स्टारजेल आणि डेव्ह पार्कर दोघंही संघात होते, आणि साधी (फार प्रसिद्ध नसलेल्या खेळाडूंची) कार्डं डॉलरच्या आत मिळतात.

नवीन माणूस एका बाबतीत हमखास चुकतो. विजयाची कार्डं विजयाच्या वर्षी नसतात, पुढच्या वर्षीच्या संचात येतात. १९६० च्या वर्ल्ड सिरीजची कार्डं १९६१ च्या टॉप्समध्ये आहेत (क्रमांक ३०६ ते ३१३). बिल मॅझेरोस्कीने सातव्या सामन्यात मारलेल्या होमरनचं (क्रिकेटच्या षटकारासारख्या फटक्याचं) कार्ड त्यातलं ३१२ वं. १९७१ च्या विजयासाठी १९७२ चा संच बघायचा.

२. ‘व्हिंटेज’ नेमकं कुठल्या सालापर्यंत?

सर्वमान्य रेषा नाही, पण १९७३ ही सगळ्यात तर्कशुद्ध. तोपर्यंत टॉप्स एकाच वर्षाची कार्डं टप्प्याटप्प्याने बाजारात आणायचं. एप्रिलमध्ये पहिला टप्पा यायचा आणि उन्हाळा संपता संपता शेवटचा. तोवर मुलांचं लक्ष फुटबॉलकडे वळलेलं असायचं, दुकानदार कमी माल उचलायचे, म्हणून शेवटच्या टप्प्यातले क्रमांक कमी सापडतात. त्यांना ‘हाय नंबर’ म्हणतात. १९७४ पासून सगळी ६६० कार्डं एकदमच आली आणि हा फरक संपला. काही जण १९८० पर्यंतचं सगळं व्हिंटेज धरतात, त्यालाही हरकत नाही.

३. टी-२०६, ई९०-२, डी३२२ हे काय प्रकरण आहे?

जेफरसन बर्डिक या संग्राहकाने अमेरिकन छापील कार्डांची सूची तयार केली, तिच्यातले हे क्रमांक. ‘टी’ म्हणजे विसाव्या शतकातली तंबाखूची कार्डं, ‘ई’ गोळ्या-चॉकलेटची, ‘डी’ पाव-बेकरीची, ‘आर’ च्युइंगमची. बर्डिकने आपला प्रचंड संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला.

पायरेट्सवाल्यांनी यातले दोन क्रमांक लक्षात ठेवावेत. १९०९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये संघाने टाय कॉब या नामवंत खेळाडूच्या डेट्रॉइट संघाला हरवल्यावर अमेरिकन कॅरॅमल कंपनीने फक्त पायरेट्सचा ११ कार्डांचा संच काढला, तो ई९०-२. टिप टॉप ब्रेडचा २५ कार्डांचा संच म्हणजे डी३२२. तोही संपूर्ण पायरेट्सचाच. दोन्हींत होनस वॅग्नर हा संघाचा त्या काळचा सर्वात मोठा खेळाडू आहे. शतकापूर्वी पाव आणि कॅरॅमलबरोबर आलेली ही कार्डं आज तंबाखूच्या कार्डांपेक्षा खूपच कमी दिसतात.

४. वॅग्नरचं टी-२०६ एवढं महाग का? आणि तो संग्रहात हवाच असेल तर काय घ्यावं?

टी-२०६ हा अमेरिकन टोबॅको कंपनीचा १९०९ ते १९११ चा संच, सुमारे सव्वापाचशे कार्डांचा. वॅग्नरचं कार्ड छापायला घेतलं आणि लवकरच थांबवलं. त्याला तंबाखूशी नाव जोडायचं नव्हतं की मोबदल्यावरून बिनसलं, यावर आजही दोन मतं आहेत. आज जेमतेम पन्नास-साठ कार्डं माहीत आहेत. २०२२ मध्ये एक ७२.५ लाख डॉलरला विकलं गेलं, आणि त्याची प्रत (अवस्थेचा दर्जा, प्रश्न ११) दहापैकी दोन होती.

परवडणारे रस्ते आहेत. १९४० च्या प्ले बॉल संचात १६८ क्रमांकावर वॅग्नर प्रशिक्षक म्हणून आहे. १९४८-४९ च्या लीफ संचात ७० क्रमांकावर तो तोंडात तंबाखू भरताना दिसतो. सगळ्यात स्वस्त म्हणजे केलॉग्जचा १९७२ चा ‘ऑल-टाइम ग्रेट्स’ हा १५ कार्डांचा संच, ज्यात वॅग्नरबरोबर पायरेट्सचाच पाय ट्रेनरही आहे.

खरंखुरं टी-२०६ हातात हवं असेल तर वॅग्नरच्या सहकाऱ्यांकडे वळा. यष्टिरक्षकाच्या जागी उभा राहणारा जॉर्ज गिब्सन, टॉमी लीच. यांची जीर्ण पण अस्सल कार्डं शंभर डॉलरच्या आत मिळू शकतात. फ्रेड क्लार्क आणि विक विलिस हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत) असल्याने त्यांचे भाव वर असतात.

५. जुन्या सामानात वॅग्नरचं कार्ड सापडलंय. खरं कसं ओळखू?

जवळजवळ नक्कीच ती फेरछपाई असेल, कारण या कार्डाच्या नकला गेली अनेक दशकं निघत आहेत. तरीही या क्रमाने तपासा.

आधी नावाखालचं गाव वाचा. त्या काळी शहराचं अधिकृत स्पेलिंग शेवटच्या ‘एच’शिवाय होतं. १८९१ मध्ये सरकारी मंडळाने तो काढला आणि १९११ मध्ये परत दिला. खऱ्या कार्डावर ‘एच’ नाही. ‘एच’ असेल तर पुढचं काहीच तपासू नका.

मग मिलिमीटरची पट्टी घ्या. टी-२०६ साधारण ३६.५ × ६६.७ मिमी असतं. थोडा फरक चालतो, पण आजच्या कार्डाएवढं असेल तर विषय संपला.

तिसरी पायरी दहापट भिंगाची. खालची अक्षरं बघा. खऱ्या कार्डावर ती सलग, भरीव शाईत असतात. फोटोवरून केलेल्या नकलेत अक्षरंसुद्धा बारीक रंगीत ठिपक्यांची बनलेली दिसतात. एवढ्या एका खुणेवर निम्म्याहून अधिक नकला पकडल्या जातात.

शेवटी अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च मारा. कागद निळसर-पांढरा उजळला तर त्यात शुभ्रता वाढवणारी रसायनं आहेत, जी १९०९ च्या कागदात असणं शक्य नाही. उलट मात्र खरं नाही: न चमकणारा जुना कागद वापरूनही नकला करतात. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली कार्डंही फिरतात. त्यांचा डाग सर्वत्र एकसारखा असतो, खरी झीज कोपऱ्यांवर आणि कडांवर जास्त असते.

६. रॉबर्टो क्लेमेंटेची कोणती कार्डं घ्यावीत?

पायरेट्सच्या संग्रहाचं हृदय म्हणजे क्लेमेंटे. १९५५ ते १९७२, अठरा हंगाम एकाच संघाकडून, बरोब्बर ३००० हिट्स (फलंदाजाला बेसवर पोचवणारे फटके), आणि १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान अपघातात मृत्यू. त्याच्या कार्डांना मागणी कधी ओसरत नाही.

पहिलं कार्ड १९५५ टॉप्स क्रमांक १६४. ते शेवटच्या टप्प्यातलं (प्रश्न २), म्हणून त्याच संचातल्या साध्या कार्डांपेक्षा मुळातच कमी. फाटकं-दुमडलेलंही चार आकडी डॉलरमध्ये जातं आणि त्याच्या नकला भरपूर आहेत. हे कार्ड फक्त नामांकित कंपनीने तपासून बंद केलेल्या पेटीतच घ्या (प्रश्न ११).

१९५६ चं कार्ड (क्रमांक ३३) आडवं आणि देखणं आहे. त्या वर्षी १ ते १८० क्रमांकांची कार्डं राखाडी आणि पांढऱ्या अशा दोन्ही पाठींची निघाली, त्यामुळे याचेही दोन प्रकार. १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्सने त्याचं नाव ‘बॉब’ छापलं. त्याला स्वतःला रॉबर्टो हेच नाव हवं होतं आणि १९७० मध्ये ते कार्डावर परत आलं. काही संग्राहक १९६९ चं ‘बॉब’ (क्रमांक ५०) आणि १९७० चं ‘रॉबर्टो’ (क्रमांक ३५०) शेजारी शेजारी लावतात. ही जोडी आम्हाला एखाद्या महागड्या कार्डापेक्षा जास्त अर्थपूर्ण वाटते.

१९७१ चं (क्रमांक ६३०) कार्ड काळ्या किनारीचं. कडेला जरा जरी टवका उडाला तरी खालचा पांढरा कागद दिसतो, म्हणून चांगल्या अवस्थेतलं महाग. काही विक्रेते काळ्या मार्करने टवके बुजवतात. कार्ड तिरकं धरून कडेवर प्रकाश टाका: मार्करची शाई जांभळट चमकते आणि कागदात झिरपलेली दिसते. १९७३ चं (क्रमांक ५०) त्याच्या मृत्यूनंतर बाजारात आलं. सुरुवातीला घेण्यासाठी हेच सुचवू.

१९६८ चं टॉप्स त्रिमितीय कार्ड प्रायोगिक होतं आणि फारच थोडं वाटलं गेलं. कुणी स्वस्तात देत असेल तर ते केलॉग्जचं कार्ड असण्याची शक्यता जास्त (प्रश्न ८).

७. कार्ड ठेवायला कुठलं प्लॅस्टिक घेऊ? मापं जुळत नाहीत.

आजचं सर्वमान्य माप ६३.५ × ८८.९ मिमी, आणि ते टॉप्सने १९५७ पासून वापरलं. १९५२ ते ५६ ची टॉप्स कार्डं ६६.७ × ९५.३ मिमी, म्हणजे मोठी. ती नऊ कप्प्यांच्या नेहमीच्या पानात कोंबली की कोपरे जातात. त्यांच्यासाठी आठ कप्प्यांची पानं मिळतात. टी-२०६ आणि बोमन कंपनीच्या जुन्या कार्डांसाठी वेगळी लहान पाकिटं घ्या. ती मोठ्या पाकिटात ठेवली तर आत सरकत राहतात आणि कडा घासतात.

आधी पातळ पाकीट, मग टॉप लोडर (कडक प्लॅस्टिकचं आवरण), हा क्रम बदलू नका. पाकिटाशिवाय थेट टॉप लोडरमध्ये सरकवलेल्या कार्डावर बारीक ओरखडे उठतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा मायलर चालेल, पीव्हीसी नको. जुन्या, वास येणाऱ्या, चिकट झालेल्या अल्बमची पानं पीव्हीसीची असतात आणि ती कार्डावरची शाई ओढून घेतात.

८. ‘ऑडबॉल’ म्हणजे काय? पायरेट्सची कुठली शोधावीत?

टॉप्स, बोमनसारख्या मुख्य कंपन्यांच्या बाहेरचं सगळं ऑडबॉल: सॉसेजच्या पाकिटातलं, सीरियलच्या (नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्ससारख्या पदार्थांच्या) खोक्यावरचं, शीतपेयाच्या डब्यावरचं. ती एकाच भागात, एकाच हंगामात वाटली गेली, मुलांनी वापरली आणि फेकली. संघप्रेमींना खरी मजा इथे येते, कारण इथे तयार यादी हातात घेऊन खरेदी करता येत नाही.

कान्सची कार्डं सर्वात वर. सिनसिनाटीच्या या सॉसेज कंपनीने १९५५ पासून १९६९ पर्यंत कार्डं काढली आणि १९५७ पासून त्यात पायरेट्सही आले. क्लेमेंटे, मॅझेरोस्की दोघंही. पुढच्या बाजूला छापील सही आणि कंपनीची एक ओळ एवढाच मजकूर. मांसाच्या पाकिटाबरोबर आल्यामुळे अनेकांवर तेलकट डाग असतात. ते डाग खऱ्याच्या विरुद्ध पुरावा नाहीत, पण किंमत उतरवतात. १९६६ पासूनच्या कार्डांना वर जाहिरातीचा कापायचा तुकडा जोडलेला होता. तो शाबूत असेल तर कार्ड बरंच दुर्मीळ.

पोस्ट सीरियलची १९६१, ६२ आणि ६३ ची कार्डं खोक्याच्या पाठीवर छापलेली होती. १९६२ आणि ६३ मध्ये जेल-ओ या जेलीच्या खोक्यांवरही तशीच आली. होस्टेस या केकवाल्या कंपनीने १९७५ ते ७९ दरवर्षी १५० कार्डं काढली, खोक्याच्या तळाला तीन-तीन एकत्र. स्टारजेल आणि पार्कर इथे स्वस्तात मिळतात. पूर्ण तिघांची पट्टी मिळाली तर कापू नका.

केलॉग्जची १९७० ते १९८३ ची त्रिमितीय कार्डं सर्वात लाडकी. बहुतेक वर्षी पूर्ण संच टपालानेही मागवता यायचा. १९७१ चा मात्र फक्त सीरियलच्या खोक्यातून मिळाला, एक-एक करून, म्हणून तो महाग. १९७७ आणि ७८ चे आरसी कोलाचे खेळाडूंचे डबे, सेव्हन-इलेव्हनचे प्लॅस्टिकचे पेले, १९६० च्या दशकातली सलाडा चहाबरोबरची प्लॅस्टिकची नाणी, हे सगळं याच खणात.

९. पोस्टचं कार्ड वाकडंतिकडं कापलेलं आहे. घेऊ का?

घ्या, पण चारही बाजूंची छापील रेघ दिसते का ते बघून. ती कार्डं दहा वर्षांच्या मुलांनी आईच्या कात्रीने कापलेली आहेत, सरळ कड हा अपवाद. रेघेच्या आत कात्री गेली असेल तर कार्ड अपुरं समजतात. रेघेबाहेर थोडा जास्त कागद राहिला असेल तर उत्तम, तो स्वतः कापून ‘नीट’ करू नका. विक्रेता ‘फॅक्टरी कट’ म्हणत असेल तर पोस्टच्या बाबतीत तो दावा तपासून घ्या.

१०. केलॉग्जचं कार्ड धनुष्यासारखं वाकलंय. सरळ कसं करू?

करू नका. कागदावर रेषांचं प्लॅस्टिक चिकटवलेलं आहे. दोन्ही थर हवेतल्या दमटपणाला वेगळा प्रतिसाद देतात, म्हणून ते वाकतं. उलट दिशेने दाबलं की प्लॅस्टिकला तडे जातात, आणि तडा गेलेल्या कार्डाची किंमत वाकलेल्याच्या काही अंशच राहते. कडक टॉप लोडरमध्ये ठेवून द्या, वर्षभरात काहीसं सैल पडतं. विकत घेताना फोटोवर भागवू नका: तडे समोरून दिसत नाहीत, तिरक्या प्रकाशात काढलेला फोटो मागा.

११. ग्रेडिंग करून घ्यावं का?

पीएसए, एसजीसी आणि बेकेट या तीन कंपन्या प्रामुख्याने चालतात. कार्ड तपासून १ ते १० मध्ये प्रत देतात आणि सीलबंद पेटीत घालतात. कार्डामागे वीस-तीस डॉलरपासून पुढे खर्च, शिवाय टपाल आणि विमा. त्यामुळे शंभर डॉलरच्या खालचं कार्ड फक्त ग्रेड मिळावी म्हणून पाठवणं तोट्याचं. अस्सलपणाचा प्रश्न असेल तर मात्र खर्च योग्य.

ग्रेड आकड्यात असली तरी ती माणसाची नजर आहे. पीएसएने १९९१ मध्ये सर्वात पहिल्यांदा प्रत दिलेलं कार्ड वॅग्नरचं टी-२०६ होतं, ८ ची प्रत. त्याच्या कडा आधीच कापलेल्या होत्या, हे बिल मॅस्ट्रो या लिलावदाराने २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केलं. म्हणून पेटीवरचा आकडा बघण्याआधी आतलं कार्ड बघा. ‘ऑल्टर्ड’ किंवा ‘ऑथेंटिक’ अशी नोंद असेल तर कार्ड अस्सल असू शकतं, पण पहिल्या प्रकारात त्यावर हात चालवलेला आहे.

कडा कापल्याचा संशय आला तर सोपा उपाय: त्याच संचातलं दोन-पाच डॉलरचं साधं कार्ड विकत घ्या आणि दोन्ही एकावर एक ठेवा. माप, जाडी, कडेचा पोत, मागून टॉर्च लावल्यावर आरपार येणारा उजेड, सगळं शेजारी शेजारी तपासता येतं. महाग कार्ड घेण्याआधी हा खर्च प्रत्येकाने करावा.

१२. बॅरी बॉन्ड्सची पायरेट्समधली कार्डं घरात ढिगाने आहेत. श्रीमंत झालो का?

नाही. १९८६ ते १९९३ च्या सुमारास कंपन्यांनी बेसुमार कार्डं छापली. १९८७ टॉप्सचं लाकडी किनारीचं बॉन्ड्सचं कार्ड (क्रमांक ३२०) सुंदर आहे, पण सर्वत्र आहे. संग्रहात ठेवा, ग्रेडिंगला पाठवू नका.

१३. जुन्या वहीला चिकटवलेली तंबाखूची कार्डं कशी सोडवू?

फक्त डिस्टिल्ड पाणी, खोलीच्या तापमानाचं. कार्ड वहीच्या कागदासकट कापून सपाट ताटात बुडवा आणि काही तास ठेवा. खळीचा गोंद असेल तर कार्ड आपोआप सुटतं. सुटत नसेल तर आणखी थांबा, नखाने ओढू नका: पाठीवरची छपाई कागदाबरोबर निघते. सुटल्यावर दोन टीपकागदांत ठेवून वर जड पुस्तक, कागद रोज बदलत दोन-तीन दिवस. घाईने उन्हात वाळवलं तर ते कायमचं वाकतं.

साध्या पाण्याने सोडवणं बहुतेक संग्राहकांना मान्य आहे. ब्लीच, खोडरबर, इस्त्री हे फेरफार समजले जातात. आणि ही पद्धत १९५० नंतरच्या चकचकीत कार्डांना अजिबात लावू नका, त्यांचा वरचा थर सुटतो.

१४. क्लेमेंटेची सही असलेला बॉल मिळतोय. काय बघू?

सहीच्या आधी बॉल बघा. नॅशनल लीगच्या (पायरेट्स ज्या लीगमध्ये खेळतात तिच्या) अधिकृत बॉलवर त्या वेळच्या लीग अध्यक्षाची छापील सही असते. वॉरन जाइल्स १९५१ ते ६९, चब फीनी १९७० ते ८६. बॉल बनवणारी कंपनी १९७६ पर्यंत स्पाल्डिंग, १९७७ पासून रॉलिंग्ज. क्लेमेंटे १९७२ च्या अखेरीस गेला, म्हणून रॉलिंग्जच्या लीग बॉलवर त्याची सही असूच शकत नाही. इतक्या साध्या परीक्षेतही नापास होणारे बॉल आजही विकायला येतात.

बॉल बरोबर असला तरी सही बरोबर असेलच असं नाही. संपूर्ण संघाच्या सह्यांच्या बॉलवर मोठ्या खेळाडूंच्या सह्या अनेकदा क्लबहाउसमधले कर्मचारी करायचे. एकाच शाईने, एकाच वेगाने केलेल्या दोन-तीन सह्या दिसल्या तर थांबा. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय पैसे देऊ नका.

१५. जुनी तिकिटं आणि कार्यक्रमपुस्तिका जमवण्यासारख्या आहेत का?

आहेत, आणि कार्डांपेक्षा स्वस्तात इतिहास मिळतो. १३ ऑक्टोबर १९६० चं, फोर्ब्ज फील्ड या पायरेट्सच्या जुन्या मैदानावरच्या सातव्या सामन्याचं (पायरेट्स १०, यँकीज ९) तिकीट सर्वांना हवं असतं. पण ३० सप्टेंबर १९७२ चं, क्लेमेंटेच्या ३००० व्या हिटचं तिकीट त्याहून अवघड, कारण त्या दिवशी मैदानात जेमतेम तेरा हजार माणसं होती.

पुस्तिकेवर बहुधा तारीख नसते. एकच पुस्तिका पूर्ण मालिकेत विकली जायची. मधल्या पानावर पेन्सिलीने भरलेला धावफलक असेल तर तारीख ठरवता येते: खेळाडूंची क्रमवारी जुन्या सामन्यांच्या नोंदींशी ताडून बघा. १ सप्टेंबर १९७१ ला पायरेट्सने मेजर लीगमधला (अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलमधला) पहिला संपूर्ण कृष्णवर्णीय आणि लॅटिन खेळाडूंचा संघ उतरवला. त्या सामन्याचा भरलेला धावफलक कोऱ्या पुस्तिकेपेक्षा मोलाचा. एरवी लिहिलेल्या कार्डाची किंमत उतरते, इथे उलट.

१६. १९३८ च्या वर्ल्ड सिरीजची पायरेट्सची पिन बघितली. पण ते त्या वर्षी सिरीज खेळलेच नाहीत?

बरोबर, आणि पिन तरीही खरी असू शकते. संघ आघाडीवर होता, पत्रकारांसाठी पिना आधीच बनवून घेतल्या होत्या. २८ सप्टेंबरला शिकागोच्या गॅबी हार्टनेटने अंधारत असताना मारलेल्या होमरनने सगळं फिरलं. अशा न झालेल्या सामन्यांच्या वस्तूंना ‘फँटम’ म्हणतात. खऱ्या फँटम वस्तू कमी आणि शोधात असणारे अनेक, म्हणून बनावटही होतात. पिनच्या मागे बनवणाऱ्याचा शिक्का आणि लिलावांच्या जुन्या नोंदींतले फोटो ताडूनच घ्या.

१७. मान डोलावणाऱ्या बाहुल्या आणि बिअरचे डबे कसे सांभाळायचे?

१९६० च्या दशकातल्या बाहुल्या कागदाच्या लगद्याच्या आहेत. तेव्हा खेळाडूंच्या चेहऱ्याच्या फक्त चार निघाल्या: मँटल, मॅरिस, मेज आणि आपला क्लेमेंटे. दमट हवेत त्यांना तडे जातात, डोकं धरून कधी उचलू नका. रंग पुन्हा मारलेला असेल तर तो जोडांवर आणि तड्यांत साचलेला दिसतो.

आयर्न सिटी बिअरचे पायरेट्सचे डबे रिकामेच ठेवा. भरलेला डबा वर्षांनुवर्षांत आतून गंजतो आणि एके दिवशी गळून शेजारच्या कार्डांचा नाश करतो. तळाला दोन छोटी भोकं पाडून रिकामा करा, वरचं झाकण शाबूत राहतं. पाण्याने धुऊन उलटा वाळवा.

१८. पिट्सबर्गच्या निग्रो लीग संघांचं काय मिळतं?

फार थोडं, आणि म्हणूनच जपण्यासारखं. निग्रो लीग म्हणजे कृष्णवर्णीय खेळाडूंना मेजर लीगमध्ये बंदी असतानाच्या त्यांच्या वेगळ्या लीग. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स आणि होमस्टेड ग्रेज हे त्या काळातले बलाढ्य संघ, पण कार्ड कंपन्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. जॉश गिब्सनचं जुनं कार्ड म्हणजे पोर्तो रिकोतल्या तोलेतेरोस संचातलं, १९५०-५१ चं, तो १९४७ मध्ये गेल्यानंतरचं. २०२४ मध्ये निग्रो लीगच्या नोंदी मेजर लीगमध्ये धरल्या गेल्या, तेव्हापासून मागणी आणखी वाढली आहे. पोस्टर, तिकिटं, वृत्तपत्रांसाठीचे फोटो शोधा. फोटोच्या मागचा शिक्का आणि चिकटवलेली मजकुराची चिठ्ठी हाच त्याचा दाखला.

१९. भारताशी जोडलेलं काही आहे का?

आहे. उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांनी २००८ मध्ये पायरेट्सशी करार केला. अमेरिकेच्या मोठ्या व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. दोघं कनिष्ठ संघांत खेळले, मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत. त्यांच्या सह्यांचे बॉल आणि त्या काळातली कात्रणं फार महाग नाहीत. पायरेट्सच्या भारतीय संग्रहाची सुरुवात इथूनही करता येईल.

२०. मी भारतात राहतो. वस्तू कशा आणू आणि पावसाळ्यात कशा टिकवू?

कुरिअरने मागवल्यास सीमाशुल्क लागू शकतं आणि पार्सल अडकून पडतं. विक्रेत्याला अमेरिकेतल्या नातेवाइकांचा पत्ता द्या आणि येणाऱ्याच्या हातसामानात मागवा. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी कार्डाला काही होत नाही. चेक-इन बॅगेत ठेवू नका. टॉप लोडर दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, त्यावर चिकटपट्टी निळी पेंटरची लावा, साधी सेलोटेप गोंद सोडते.

कोकणात, मुंबईत, गोव्यात खरा शत्रू दमट हवा. आर्द्रता ४० ते ५० टक्के हे ध्येय ठेवा. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका, जेल रंग बदललं की बदला. डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको. कसर आणि झुरळांना जुना गोंद आवडतो, त्यामुळे दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका: त्यांची वाफ प्लॅस्टिकवर बसते.

२१. भाव योग्य आहे हे कसं ठरवू?

मागितलेल्या किमतींकडे दुर्लक्ष करा, झालेल्या विक्रीच्या किमती बघा. ईबेवर ‘सोल्ड’ची खूण लावून शोधलं की गेल्या काही आठवड्यांचे आकडे दिसतात. एकाच प्रतीची निदान तीन विक्रीची उदाहरणं घ्या. क्वचित विकल्या जाणाऱ्या ऑडबॉलसाठी लिलावगृहांच्या जुन्या नोंदी तपासा. १९८० पासून दर उन्हाळ्यात भरणाऱ्या ‘नॅशनल’ या संमेलनात गेलात तर शेवटच्या दिवशी दुपारी घासाघीस करा, परत न्यायचं ओझं विक्रेत्याला नको असतं.

२२. विकताना कर लागतो का? विमा?

अमेरिकेत वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या संग्रहवस्तूंच्या नफ्यावर केंद्रीय कर कमाल २८ टक्के लागू शकतो, शेअरपेक्षा जास्त. म्हणून खरेदीच्या पावत्या जपा. घराच्या साध्या विम्यात संग्रहासाठीची मर्यादा बहुधा तुटपुंजी असते. संग्रह मोठा असेल तर वेगळी पॉलिसी घ्या आणि प्रत्येक महत्त्वाच्या वस्तूचा पुढून-मागून फोटो, माप, खरेदीची तारीख आणि किंमत यांची यादी करून तिची एक प्रत घराबाहेर कुठेतरी ठेवून द्या. ग्रेडिंगच्या सीलबंद पेटीत (‘स्लॅब’मध्ये) असलेल्या कार्डाचा प्रमाणपत्र क्रमांकही त्या यादीत लिहा, चोरी झाली तर ओळख पटवायला तो सर्वात उपयोगी पडतो.